क्रोशाचा गवा: फायबर का दिसतं, मान का लोंबते

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. आईकडून शिकून त्या बरीच वर्षं तोरणं, रुमाल, ताटावरची झाकणं विणतात. आता भाचीच्या पहिल्या वाढदिवसासाठी एक छोटा प्राणी विणायला घेतला, तर टाक्यांमधून आत भरलेलं फायबर दिसतं, डोकं एका बाजूला लोंबतं आणि फेरी कुठे सुरू झाली तेच सापडत नाही. प्लॅस्टिकचे डोळे लावावेत का, पावसाळ्यात कुठला धागा घ्यावा आणि पुढे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास अशी खेळणी विकता येतील का, हेही त्यांना हवं आहे.

ताई, तुमचा हात कच्चा नाही, उलट तो जाळीत तरबेज आहे आणि अडचण तिथेच आहे. तोरणात किंवा रुमालात भोक म्हणजे नक्षी. तिथे धागा सैल सोडायचा, टाका उंच उभा करायचा, हवा खेळती ठेवायची. भरलेल्या खेळण्यात नेमकं उलटं हवं असतं. आत फायबर दाबून भरलं की प्रत्येक टाका चारी बाजूंनी ताणला जातो. रिकामं असताना बरं दिसणारं विणकाम भरल्यावर उघडं पडतं ते यामुळे. फायबर कमी भरून हा दोष झाकता येत नाही, मग प्राणी मऊ पडतो आणि मान आणखीच लोंबते. दुरुस्ती सुईपासून सुरू करावी लागते.

आधी टाका तपासा. अशा खेळण्यात फक्त मुका खांब, म्हणजे सुईवर आधी वेढा न घेता घातलेला बुटका टाका, वापरतात. इंटरनेटवरचे नमुने दोन पद्धतींचे असतात. अमेरिकन नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. आपण डबल वाचलं की हात आपोआप सुईवर वेढा घेऊन साधा खांब घालतो आणि पहिल्या फेरीपासून जाळी तयार होते. नमुन्यात सिंगल हा शब्द कुठेच नसेल आणि डबल, ट्रेबल सारखे येत असतील, तर तो ब्रिटिश समजा आणि डबलच्या जागी मुका खांब घाला. मला वाटतं, तुमच्या भोकांचं अर्धं कारण हेच निघेल.

मग सुईचा नंबर. धाग्याच्या पट्टीवर ४ मिमी लिहिलं असेल, तर ते स्वेटर-शालीसाठी असतं. खेळण्यासाठी एक-दीड मिलिमीटर बारीक सुई घ्यायची. आठ-प्लाय (मध्यम जाडीच्या) सुती धाग्याला मी २.५ मिमीची सुई देते, हात फारच घट्ट असेल तर २.७५ किंवा ३. घट्टपणा सुईच्या नंबराने आणायचा, बोटांनी आवळून नाही. धागा ओढून ओढून विणलेलं काम एकसारखं होत नाही, मनगट दुखतं आणि पुढच्या फेरीत सुई टाक्यात शिरत नाही. सुईला टोकाशी आकडा, त्याखाली अरुंद मान आणि मग दांडी असते. फास मानेत अडकवून ठेवू नका, दांडीपर्यंत सरकू द्या. टाक्याचं माप दांडी ठरवते.

धागा उचलण्याची रीतही बदला. रुमाल विणताना आपण धागा सुईवरून घेतो आणि खेचतो. खेळण्यात सुई टाक्यात घातल्यावर धाग्याच्या वरून नेऊन तो आकड्याने खाली पकडा आणि तसाच बाहेर आणा. दोन फास झाले की ते पूर्ण करताना मात्र नेहमीसारखा वेढा घ्या. टाक्याचा आकार व्हीऐवजी फुलीसारखा दिसेल. असा टाका आखूड आणि घट्ट बसतो. सुरुवातीला बोटं अडखळतात, पण एक डोकं विणून होईपर्यंत हात वळतो.

विणकामाची सुलट बाजू बाहेर आहे ना, हेही बघा. तीन-चार फेऱ्यांनंतर काम वाटीसारखं वळू लागतं. उजव्या हाताने विणणाऱ्याने वाटीच्या आपल्याकडच्या काठावर काम करावं, सुई बाहेरून आत जावी. पलीकडच्या काठावर विणत असाल आणि सुई आतून बाहेर येत असेल, तर उलट बाजू बाहेर आली आहे. तिच्यावर आडव्या रेघा दिसतात. अशा वेळी काम उलटून घ्या, उसवायची गरज नाही.

फेरी हरवते, कारण तोरणात-रुमालात आपण प्रत्येक फेरी सरकत्या टाक्याने जोडून वर साखळी घेतो आणि ती खूण डोळ्यांना दिसते. खेळण्यात फेरी जोडत नाहीत, वीण गोल गोल चढत जाते. म्हणून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा फेरीच्या पहिल्या टाक्याआधी आडवा ठेवा. पुढच्या फेरीला तोच पुढून मागे, मग मागून पुढे घ्या. शेवटी तो ओढून काढायचा. प्लॅस्टिकच्या खुणेपेक्षा मला हा दोरा आवडतो, कारण मागच्या सगळ्या फेऱ्या त्यावरून मोजता येतात.

वाढवण्याचं गणित मात्र तुम्हाला आधीपासून माहीत आहे. खांबाचा गोल रुमाल १२ खांबांनी सुरू करून दर फेरीला १२ वाढवतो. मुका खांब बुटका, जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच. गोलाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ सहा टाक्यांहून थोडासा जास्त वाढतो, म्हणून इथे ६ ने सुरुवात आणि दर फेरीला ६ ची भर: ६, १२, १८, २४, ३०. भर नेहमी एकावर एक आली तर गोलाला सहा कोपरे फुटतात. ते टाळायला चौथ्या फेरीत ‘२ साधे, एकात २’ याऐवजी ‘१ साधा, एकात २, १ साधा’ असं विणा. इथे आणि पुढे साधा म्हणजे एका टाक्यात एकच मुका खांब.

कमी करताना दोन टाके नेहमीच्या पद्धतीने एकत्र विणले की शेजारी बारीक भोक पडतं. टाक्याच्या माथ्यावर धाग्याच्या दोन पाकळ्या दिसतात, आपल्याकडची पुढची आणि पलीकडची मागची. सुई पुढच्या दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या पाकळीतून एकापाठोपाठ न्या, धागा एकदाच दोन्हींतून खेचा, मग वेढा घेऊन दोन फास संपवा. भरल्यानंतर ही घट शोधूनही सापडत नाही.

आता धागा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ॲक्रिलिक स्वस्त आणि लवकर वाळणारं, पण दमट हवेत ते बोटांना चिकटतं आणि मुलाने चोखून चोखून त्यावर गोळे येतात. वर्षाच्या बाळासाठी मी सुती आठ-प्लायच घेईन. तोरणाचा बारीक मर्सराइज्ड दोरा तुमच्याकडे असेलच, तो डोळ्यांच्या भरतकामाला ठेवा. भरण्यासाठी मात्र कापूस नको, सावरीचा तर मुळीच नको. कापूस ओल धरतो, धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि आपल्या पावसाळ्यात आतून बुरशी धरते, बाहेरून कळतही नाही. सावरीचे तंतू इतके बारीक आणि निसरडे की घट्ट विणीतूनही बाहेर येतात. उशांत घालतात ते पॉलिएस्टर फायबर घ्या. धागे मे महिन्यातच, पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवायच्या) सामानाबरोबर, हवाबंद डब्यात ठेवून द्या. त्यात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर टाकू नका. दोन्ही पोटात गेले तर लहान मुलांना विषारी आहेत आणि हे खेळणं तोंडात जाणारच. स्टीलच्या सुयांना गंज चढतो आणि त्याचे डाग सुती धाग्यावरून निघत नाहीत, म्हणून या कामाला ॲल्युमिनियमची सुई वापरा.

तुम्ही कुठला प्राणी घेतला ते लिहिलं नाही. ससा आणि अस्वल तर सगळेच करतात. मी सुचवेन गवा. आपला राज्यप्राणी, मोले, म्हादई, नेत्रावळीच्या रानात फिरणारा आणि क्रोशाला अगदी अनुकूल: अंग गोल, पाय आखूड, ओळखायच्या खुणा रंगाच्या. गुडघ्याखाली पांढरट पाय, शिंगांच्या मध्ये राखी फुगवटा, फिकट तोंड, पिवळसर शिंगांची टोकं काळी आणि खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंचवटा. एवढं साधलं की गोव्यातलं मूल त्याला गाय म्हणणार नाही. मोठा नर जवळजवळ काळा असतो, पण काळ्या धाग्याचे टाके दिसत नाहीत. गाई आणि तरुण गवे तपकिरी असतात, तेव्हा चॉकलेटी घ्या आणि दिवसा, सोप्यात किंवा बलकांवात बसून विणा. चॉकलेटीचा ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरेल, बाकी रंग उरलेल्या धाग्यांतून निघतील. तयार गवा हातभर नाही, बाळाच्या मुठीत पाय मावेल एवढा होतो.

सुरुवात करण्याआधी चॉकलेटी धाग्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग उतरला तर तो धागा या खेळण्याला नको, पहिल्याच धुण्यात पांढरे पाय मळकट होतील.

अंग मागून पुढे विणायचं. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या धाग्याच्या कडीत, ६ मुके खांब. रिंगचा धागा बोटावर दोनदा गुंडाळा, म्हणजे भोक नंतर उघडत नाही. मग १२, १८, २४, ३०. सहावी ते दहावी फेरी ३० साध्या. अकराव्या फेरीत पाठीच्या मध्यावरच्या ३ टाक्यांत प्रत्येकी २ घाला, ३३ होतील. बारा ते पंधरा ३३ साध्या. सोळाव्यात त्याच उंचवट्यावरच्या ६ टाक्यांच्या ३ जोड्या करून पुन्हा ३०. उजव्या हाताच्या विणीत टाके दर फेरीला थोडे उजवीकडे कलतात, म्हणून सोळाव्या फेरीत पाठीचा मध्य खुणेच्या दोऱ्यावरून ठरवू नका, उंचवटा बोटाने चाचपून ठरवा. सतराव्यात २४, अठराव्यात १८, इथे भरा. मग १२, मग ६, आणि उरलेल्या भोकाभोवती पुढच्या पाकळ्यांतून दोरा ओवून आवळा.

भरताना मोठा गोळा कोंबू नका. चिमूटभर फायबर बोटांनी पिंजून, पोकळ करून, सुईच्या मागच्या टोकाने आधी कडेला आणि शेवटी मध्ये ढकला. टाके उघडायला लागले असं दिसलं की चिमूटभर परत काढा. गडद विणीतून पांढरं फायबर उठून दिसतं. तेव्हा अंगाच्या आत आधी गडद रंगाच्या पातळ नायलॉन मोज्याचा तुकडा पिशवीसारखा घाला आणि त्यात भरा. गडद प्राण्यांना मी हे नेहमीच करते, वीण कितीही घट्ट असली तरी.

पाय चार. पांढरटाने ६, मग १२, तिसरी फेरी १२ पण फक्त मागच्या पाकळीत, म्हणजे तळ सपाट होतो. चौथी, पाचवी साध्या. पाचवीचा शेवटचा टाका पूर्ण करताना शेवटचा फास चॉकलेटी धाग्याने ओढा, म्हणजे रंग टाक्याच्या मध्ये न बदलता नीट फेरीच्या सीमेवर बदलतो. सहा ते नऊ चॉकलेटी. तळाशी घट्ट भरा, वरच्या दोन फेऱ्यांत सैल, तोंड उघडं ठेवा आणि वीतभर धागा सोडून कापा.

डोकं नाकाकडून. फिकट राखीने ६, १२, १८, आणखी एक फेरी १८. चॉकलेटीने पाचवी १८, सहावी २४, सात ते नऊ २४, दहावी १८. इथेच थांबा. मागचं तोंड बंद करू नका, दोन वीत धागा सोडा.

तुमच्या लोंबत्या मानेचं उत्तर याच १८ टाक्यांत आहे. बहुतेक जण डोकं पूर्ण बंद करतात आणि मग त्याचं टोक अंगावर टाचतात. शिवण एका बिंदूवर येते आणि सगळा भार त्या चार टाक्यांवर पडतो. ते फिरणारच. उघडं तोंड अंगावर ठेवून त्याच्या १८ ही टाक्यांची गोल शिवण घातली की डोकं कडेने धरलं जातं. जागाही महत्त्वाची. गव्याचं डोकं अंगाच्या अगदी टोकावर नसून थोडं वर, उंचवट्याच्या पुढच्या उतारावर येतं. टाचण्यांनी धरून समोरून, बाजूने, वरून बघा. बोथट सुईने एक टाका अंगाचा, एक डोक्याचा असं शिवत तीन चतुर्थांश पूर्ण करा, मग मानेच्या जागी फायबर जास्त दाबा, हाताला कडक लागेपर्यंत, आणि उरलेली शिवण पूर्ण करा. त्याच धाग्याने दुसरी फेरी घाला. मानेत तार किंवा काडी घालायची सूचना काही ठिकाणी दिसेल. बाळाच्या खेळण्यात ती कधीही घालू नका.

डोळे मात्र डोकं अंगावर शिवण्याआधी करायचे. तात्पुरतं फायबर भरून जागा ठरवा, टाचण्या लावा, फायबर काढा, भरतकाम करा आणि मग डोकं पुन्हा भरा, म्हणजे सगळ्या गाठी आत राहतात. प्लॅस्टिकचे डोळे या खेळण्याला लावू नका. त्यांना ‘सेफ्टी आय’ म्हणत असले तरी आतली चकती विणीला धरून असते आणि वीण म्हणजे शेवटी भोकांचा पट. बाळाने दातांनी ओढत राहिलं तर टाका पसरतो आणि डोळा चकतीसकट निसटू शकतो. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिमी व्यासाची एक नळी वापरतात. खेळण्याचा सुटा भाग दाबल्याशिवाय त्या नळीत पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी घशात अडकण्याजोगा मानतात. तुमच्या गव्याचा डोळा त्यात सहज मावेल.

चॉकलेटीवर काळा डोळा हरवतो, हा गव्याचा एक त्रास. त्यावर मी असं करते: तोरणाच्या काळ्या बारीक दोऱ्याने दोन टाक्यांएवढी रुंद, एका फेरीएवढी उंच भरीव टिकली भरते, टाका टाक्याला चिकटून, आणि तिच्या खालच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचा एकच वक्र टाका घालते, मध्ये किंचित खाली ओढून. तेवढ्या एका पांढऱ्या कोरीने डोळा जिवंत होतो. दोन्ही डोळे डोक्याच्या बाजूंना, फिकट तोंड संपल्यावर दोन फेऱ्या सोडून घ्या. अगदी समोर घेतले तर गवा माणसासारखा बघू लागतो.

शिंगं काळ्याने ४ मुक्या खांबांनी सुरू करा, एक फेरी ४, मग पिवळसर धाग्याने ‘१ साधा, एकात २’ दोनदा म्हणजे ६, पुढे तीन फेऱ्या ६. भरायची गरज नाही. आतल्या बाजूने धागा ओवून थोडा ओढला की वळण येतं. दोन शिंगांमधला राखी फुगवटा आडव्या भरीव टाक्यांनी, दोन थरांत भरा. कानांना ६ मुक्या खांबांचा अर्धगोल पुरतो. शेपटी ८ साखळ्यांची, त्यांवरून सरकते टाके परत, आणि टोकाला तीन साखळ्यांचे दोन-तीन फास. सुट्या धाग्यांचा झुबका करू नका, बाळ तो उपटून तोंडात घालेल. प्रत्येक टोकाचा धागा अंगातून तीन वेगवेगळ्या दिशांना नेऊन मगच कापा. देण्याआधी शिंग, कान, शेपटी धरून नेटाने ओढून बघा, लाजू नका. काही हललं तर तिथे पुन्हा शिवा.

धुण्याबद्दल एवढंच: कोमट पाणी, सौम्य साबण, दाबून धुवायचं, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि जाळीत घालून पंख्याखाली, दर काही तासांनी फिरवत वाळवा. जुलैत बाहेरून कोरडा लागलेला गवा आत ओला असू शकतो, दाबून गालाला लावल्यावर गार वाटला तर अजून वाळायचा आहे. भाचीच्या आईला हे नीट सांगून ठेवा.

विक्रीचं. घरच्या बाळाला देण्यात काही अडचण नाही. विकायचं ठरलं तर २०२० चा खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू होतो. तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करतो. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या कार्यालयात नोंदणी झालेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणून चवथीचा विचार करत असाल तर आधी कारागीर म्हणून ‘पहचान’ ओळखपत्रासाठी अर्ज करा. गोव्यात क्रोशाकाम ही जुनी, मान्य हस्तकला आहे आणि राज्याचं हस्तकला महामंडळही त्यात काम करतं, तिथे चौकशी केली तर कागदपत्रांची दिशा कळेल. ओळखपत्र हातात येईपर्यंत तोरणं विका, ती खेळण्यांत मोडत नाहीत.

आत्ता मात्र जुनं डोकं उसवू नका. २.५ च्या सुईने नवीन रीतीने २४ टाक्यांपर्यंत एक चकती विणा, दोन बोटांवर ताणून खिडकीकडे धरा. उजेडाचे ठिपके दिसले तर पाव किंवा अर्धा मिलिमीटर खाली उतरा आणि पुन्हा विणा. ठिपके दिसेनासे झाले की त्याच सुईने गव्याचा पाय सुरू करा. पाय छोटा भाग आहे आणि चार करायचे असल्यामुळे चौथ्यापर्यंत तुमचा हात बसलेला असेल. अंग आणि डोकं त्यानंतर घ्या.